राणीचं बाळंतपण

राणी सकाळपासून रेतीच्या टोपल्यात जाऊन कुंथत होती, केविलवाणी ओरडत होती आणि थेंबभरही न करता बाहेर येत होती. टोकरखाडा वस्तीत राहणाऱ्या उषाबाईंनी मांजरीच्या कळा बरोबर ओळखल्या. जुन्या साडीची घडी घालून त्यांनी खोकं मांडलं, मांजर खात नसलं तरी रीत म्हणून डिंकाचे लाडू वळले आणि शेजारच्या जयाबेनला जिन्यातच गाठलं.

"तुमच्या त्या ढेरपोट्या बोक्याला, राजाला बांधून ठेवा म्हणून कितीदा सांगितलं होतं. आता बघा काय करून ठेवलंय त्याने."

जयाबेन बिचारी ओशाळली. "छोकऱ्याची जात आहे, उषाबेन. शुं करू?"

दुपार झाली तरी पिल्लू काही येईना आणि राणी मलूल होऊन मागची बाजू चाटत पडली, तेव्हा मात्र उषाबाई घाबरल्या. तिला पिशवीत घालून त्यांनी रिक्षाने जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, शेपूट वर केली आणि चष्मा पुसला.

"काकू, हा बोका आहे. लघवी तुंबलीय त्याची. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. नळी घालतो, आज इथेच राहू दे."

संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन उषाबाई चोरपावलांनी जिना चढल्या. जयाबेन दारातच उभी होती, आणि या खेपेला ती मुळीच ओशाळलेली नव्हती.



"राजाला तीन पिल्लं झाली. लाडू इकडे द्या, आणि तुमच्या राणीला बांधून ठेवा."