बुजवलेल्या विहिरीतली टिकटिक

“आई, यंत्र टिकटिकलं की वेळ लिही. पायाखालच्या, पृथ्वीपलीकडच्या आभाळात तारा फुटला की त्याचे कण पृथ्वीतून आरपार येतात, येताना बदलतात. तिकडच्या यंत्राच्या नोंदीशी ताडून तो बदल कळतो. चुकवू नको हं.”

असं बजावणारी प्रज्ञा जाऊन वर्ष झालं. लेकीनं कोल्हारच्या मळ्यातल्या विहिरीत सोडलेल्या यंत्रापाशी गीताबाई रोज बुद्धवंदनेनंतर वही घेऊन बसत.

काल त्यांच्या दिरानं, भीमराजनं, यंत्र फोडून विहीर बुजवली.

“मेल्या पोरीचं खेळणं किती दिस सांभाळायचं, वैनी?”

“हात झडले कसे नाहीत तुमचे, भावजी?” गीताबाई हळूच म्हणाल्या.

आज वंदना संपताच घरातल्या फरशीखालून टिकटिक सुरू झाली. तीच, पण बदललेली. मधूनच खोकत होती, प्रज्ञा खोकायची तशी.

भीमराज दारातच पांढरा पडला.

त्याच्याकडे न बघता गीताबाई वही आणि घड्याळ घेऊन विहिरीकडे निघाल्या. टिकटिक पायाखालून त्यांच्याबरोबर निघाली.