दोन्ही तळव्यांत कप

लेकीने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरलेला दिसला आणि आई जागीच थबकली. बोटं वाकडी होण्याआधी तीही रोज सकाळी अस्साच कप धरायची. घरचे म्हणायचे, "थंडी वाजतेय हिला," आणि शाल आणून द्यायचे.

तिने लेकीला शिलाई मशीनवरून उठवून डॉक्टरांकडे नेलंच.

"आमवात आहे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. तो कल आईकडून येऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण फार लवकर आलात. बोटं वाचवता येतील."

बाहेर येताच आईला रडू फुटलं. "तुला द्यायला दुसरं काहीच नव्हतं का गं माझ्याकडे?"

लेकीने तिचा वाकडा हात हातात घेतला.

"वेडी आहेस का? दुसऱ्या कुणाच्या पोटी आले असते, तर तिने मला शाल पांघरली असती!"