मागचे पाय

चंद्र पकडायला निघालेला राजा आणि त्याचा हट्टी उंट, अशी ती नाचातून सांगितलेली गंमतगोष्ट. गावोगाव प्रयोग करणाऱ्या त्या कंपनीत तो सहा वर्षं, दोघांनी आत शिरून नाचवायच्या कापडी उंटाचे मागचे पाय होता. घरी मात्र ठोकून दिलं होतं, "राजा मीच."

आज वडील, अण्णा, न कळवता प्रयोगाला आले, तेही पहिल्या रांगेत. उंटाच्या फटीतून ते दिसले आणि त्याचं धाबं दणाणलं. पडदा पडला. पडदा पुन्हा उघडून सगळे नमस्कार करणार, तेवढ्यात त्याने राजाच्या हातापाया पडून मुखवटा आणि झगा मागून घेतला. राजा कुरकुरत उंटात शिरला.

टाळ्या थांबल्यावर अण्णा काठी टेकत रंगमंचावर चढले. छाती काढून उभ्या असलेल्या राजाकडे त्यांनी बघितलंही नाही. ते थेट उंटामागे गेले.

"डावं पाऊल अजून तसंच आत पडतं रे तुझं! मी पहिल्या मिनिटाला ओळखलं. काय नाचलास! ये बाहेर."

कापड वर झालं. आतून घामेजलेला, परका चेहरा बाहेर आला.

अण्णा ओशाळले. हळूच राजाकडे वळले.

"म्हणजे खरंच तू राजा होतास? आणि मी तासभर त्या पायांसाठीच टाळ्या वाजवत बसलो. म्हातारा झालो बघ. पोटच्या पोराचे पायसुद्धा ओळखता येईनात मला."

मुखवटा काढायला त्याचा हात वर जाईना.