सामायिक कार्ट

एका दुकानाच्या वेबसाइटच्या सगळ्या पानांना कार्टमधला माल कळावा म्हणून प्रोग्रामरने तयार कोडची चिमुकली लायब्ररी वापरून माहिती एकत्र ठेवली होती. दुकानाच्या मालकीणबाई काम पाहायला आल्या. प्रोग्रामरचे साहेब ऐटीत म्हणाले, "तुमच्याच मोबाइलवर बघा!" बाईंनी छत्री निवडून कार्ट उघडलं. "अगंबाई! मी केसांचा टोप कधी घेतला?" प्रोग्रामरच्या चूक लक्षात आली. सगळ्या पानांना एक कार्ट देण्याच्या नादात तिने सगळ्या माणसांनाही एकच दिलं होतं! साहेबांचा हात नकळत टकलावर गेला. त्यांची लाज आणि आपली नोकरी वाचवायला ती म्हणाली, "टेस्टिंगसाठी मीच टाकलाय." "बरं झालं," बाई साहेबांच्या डोक्याकडे पाहत म्हणाल्या. "दुकान माझं असलं तरी सांगते, धुतला की आकसतो मेला. आमच्या ह्यांचा वाटीएवढा झाला." साहेबांनी टेबलाखाली मोबाइलवर बोट फिरवलं. बाईंच्या मोबाइलवरचा टोप डोळ्यांदेखत गायब झाला.