गडद की फिकट

जिभेचा कॅन्सर लवकर सापडला, काढून टाकला, तरी काहींना तो परत होतो. कुणाला होणार, ते आमच्या प्रयोगशाळेत गाठीतल्या एका एन्झाइमच्या रंगावरून बघतात. गाठीचा पातळ काप लावलेली काच गडद दिसली तर होणार, फिकट दिसली तर माणूस सुटला. नाव झाकून आधी मी बघते, मग डॉक्टर. आमचं उत्तर आजवर कधी वेगळं आलेलं नाही.

जिभेची गाठ काढल्यापासून घरी आमचे हे 'सुटलो एकदाचा' म्हणून सगळ्यांना फोन करतायत. आज त्यांची काच मी गुपचूप बाकीच्यांत सरकवली. निदानाच्या वेळी त्यांची गाठ डॉक्टरांनीच तपासली होती, पण रोज इतक्या बघतात, त्यांना काय ओळखू येणार. मी जीव मुठीत धरून पाहिलं. गडद होती.

डॉक्टर त्या काचेवर बराच वेळ वाकून राहिले.

"फिकट," ते म्हणाले.

"मला गडद दिसली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझा नंबर बदललाय वाटतं."

"मग सकाळपासूनच्या सगळ्या काचा परत बघायच्या का, डॉक्टर?"

"नको," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बाकीच्या बरोबर आहेत."