शेवटच्या सामन्याची तीन मतं

“हे बघा, इथं तुमचं नाव आहे!” प्रियदर्शिनीने स्क्रीनवर बोट ठेवलं.

सकाळपासून ती सिंगापूरच्या त्या छोट्या युद्धसंग्रहालयात पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. स्क्रीनवर बेचाळीस सालच्या एका वहीचं पान होतं. जपान्यांच्या कैदेतले ऑस्ट्रेलियन सैनिक छावणीत त्यांचा तो देशी फुटबॉल खेळत. दर सामन्यानंतर पंच सर्वांत चांगल्या खेळाडूला तीन मतं देई. मोसमाअखेर सगळ्यांत जास्त मतं बर्ट कोलची भरली आणि पत्रा ठोकून केलेलं मेडल त्याच्या नावावर गेलं. साठ वर्षं सगळे हेच धरून चालले होते. पण प्रियदर्शिनीच्या खास कॅमेऱ्यात पुसलेली पेन्सिलची अक्षरं उमटली. शेवटच्या सामन्याची तीन मतं लेस हार्परची होती. त्यांवर रबर फिरवून कुणीतरी बर्टचं नाव लिहिलं होतं; नाहीतर मेडल लेसचंच होतं.

आणि तो लेस हार्पर, वय वर्षं शहाऐंशी, तिचं पत्र मिळताच मेलबर्नहून येऊन तिच्यासमोर बसला होता.

प्रियदर्शिनी मूळची नागपूरकडची, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. तिच्या आजोबांचं नाव गावच्या शाळेत पहिल्या नंबरावरून खोडून तिथे दुसऱ्याचं लिहिलं होतं. का, ते घरात कुणाला विचारावं लागत नसे. त्यामुळे ही खाडाखोड दिसली तेव्हा तिचं रक्त उसळलं होतं. नवी पाटी छापून तयार होती: ‘सर्वोत्तम खेळाडू, लेस हार्पर’. बर्टच्या घरून संग्रहालयात आलेल्या मेडलखाली उद्या ती लागायची होती.

लेसने पाटी वाचली. हरखणं तर सोडाच, म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

“ही लावू नकोस, पोरी. तेवढंच सांगायला आलोय.”

“का नको? तुमच्या हक्काचं आहे ते! आणि नाव कुणी खोडलं, तेही मी शोधून काढणार आहे.”

“मीच खोडलं.”

तिने स्क्रीनवरच्या त्या खाडाखोडीकडे पुन्हा पाहिलं.

“मोसम संपला आणि आठवड्यात, मतं मोजायच्या आधीच, बर्ट आमांशाने गेला,” लेस म्हणाला. “त्याच्यामागे फाटकी चड्डीसुद्धा उरली नव्हती, होती तीही दुसऱ्याला दिली. मी जगलो तर त्याच्या आईकडे न्यायचं काय? मी पंचाकडे वही मागितली. त्याने खिशातलं रबर काढून दिलं.”

प्रियदर्शिनीला स्वतःची लाज वाटली. खोडलेलं नाव म्हणजे अन्यायच, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने नवी पाटी मधोमध फाडली. बर्टच्या नावाची जुनी पाटी होती तिथेच राहणार होती.

“त्या माउलीला कधी कळलं?” तिने हळूच विचारलं.

“छे. मी दर नाताळात तिच्याकडे जायचो. मेडल भिंतीवर असायचं. शेवटच्या आजारपणात एकदा तिने मला विचारलं, ‘लेस, तूही खेळायचास का रे?’ मी म्हटलं, ‘बेताचंच.’”