पेंढ्याचं चाक

घाटनदेवीच्या पायरीवर बसलेल्या रंगूबाईने देवजीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मुरबाडच्या संघाची खूण पुरी झाली. तिघांनाही कुंकू लागल्याशिवाय घाट उतरायचा नाही, आणि खाली कसाऱ्याच्या नाक्यावर तिघांतला शेवटचा पोचेल तीच संघाची वेळ, अशी ती सायकलींची शर्यत होती.

देवजीने डोळे मिटून हात जोडले.

"दादा, शर्यतीला आलास का दूध घालायला?" विठू सायकलवर टांग टाकूनच उभा होता. "कल्याणवाले चढून आले बघ."

"निघालो रे. आईला सांगून तरी निघू."

"सावकास उतरा," रंगूबाई म्हणाली. "ती कुठं जात नाय. हितंच बसलीय."

जिंकणाऱ्या तिघांना नव्या टायरांची एकेक जोडी मिळायची होती. लढाईमुळे दोन वर्षं दुकानात टायर दिसला नव्हता. देवजीच्या पुढच्या चाकात ट्यूबच उरली नव्हती. यंदाच्या भाताचा पेंढा त्याने टायरात ठासून भरला होता. हा टायर फाटला की मुरबाडहून कल्याणला रोज जाणारे दुधाचे दोन कॅन बंद, आणि त्या दुधावर चालणारं घरही.

विठूचे टायर लढाईआधीचे, नक्षी न झिजलेले. हलकं व्हावं म्हणून त्याने मडगार्ड, कॅरिअर आणि मागचा ब्रेकसुद्धा काढून घरी ठेवला होता. देवजीने कॅन बांधायचा दोरही सोडला नव्हता. सकाळी विठू हसला तेव्हा देवजी म्हणाला होता, "असू दे. सवय हाय."

संघाचा पुढारी चांगो. वळणावर कसं फिरायचं ते त्यानेच ठरवून दिलं होतं. मळणीला खळ्याच्या मधल्या खांबाशी, तिवड्याशी, थंड बैल असतो आणि तापट बैल बाहेरच्या कडेला. तसा डोंगराच्या बाजूला देवजी, मध्ये चांगो, दरीकडे विठू.

दोन वळणं तशीच निघाली. तिसरं दिसलं तेव्हा विठूने ब्रेक दाबला. कट्ट आवाज झाला आणि ब्रेकची सळई तुटून खाली लोंबायला लागली.

"दादा," विठू म्हणाला. ओरडला नाही. "ब्रेक गेला."

त्याने अनवाणी तळवा पुढच्या टायरवर टेकला आणि लगेच उचलला. कातडं सोलून निघालं होतं. समोर रस्ता वळत होता. पलीकडे चुना फासलेले चार दगड, आणि मग काही नाही.

"चांगो, तू पुढं हो," देवजी म्हणाला. "गाड्या बाजूला काढ."

चांगो हाका देत पुढे गेला. देवजीने आपले ब्रेक सोडले. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने जीव तोडून पायडल मारलं आणि विठूला गाठलं. हात मागे नेऊन कॅरिअरवरचा दोर ओढला. एक टोक कॅरिअरला घट्ट होतंच. दुसऱ्या टोकाचा फास त्याने विठूवर टाकला. फास हँडलवर पडून घसरला. त्याने दोर ओढून घेतला, परत टाकला.

"डोक्यातून घे. काखेत. गळ्यात नको."

फास काखेत बसला. देवजीने ब्रेक एकदम दाबला असता तर विठू मागे उलथला असता. त्याने बोटं हळूहळू आवळली. कॅनमधलं दूध हिंदकळू नये म्हणून रोज आवळायचा तशी.

"मी तिवडा. दोर ताणू दे. माझ्याभवती फीर."

दोर ताणला. विठूचं चाक चुन्याच्या दगडाला घासलं, खडे दरीत गेले, त्यांचा आवाज परत आला नाही. देवजीच्या ओठांवर कुणाचं तरी नाव होतं. मग रस्ता सरळ झाला.

ब्रेक दाबून दाबून पुढचं चाक तापलं. पेंढा करपल्याचा वास यायला लागला. तेवढ्यात मागून घंट्या वाजल्या. कल्याणचे तिघे एकामागून एक पुढे निघाले. शेवटच्याने दोराकडे बघितलं.

"काका, खोंड विकायला काढलाय का?"

विठूची मान खाली गेली. तो म्हणाला, "दादा, दोर सोड. मी पाय घाशीत येतो. तुझे टायर चाललेत."

"अजून दोन वळणं हायत."

"अरे पण टायर..."

"पुढं बघ."

कसाऱ्याच्या नाक्यावर ते पोचले तेव्हा कल्याणच्या पोरांच्या गळ्यात नवे टायर हारासारखे घातले होते. लोक त्यांच्याभोवती होते. वेळ लिहिणाऱ्याने घड्याळ बघून आकडा लिहिला. दोराकडे बघितलं आणि पान उलटलं.

देवजीची बोटं ब्रेकवरून सुटेनात. चांगोने ती एकेक करून उघडली. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं. तो खाली बसला आणि पुढचं चाक चाचपू लागला. टायर एका बाजूने फाटला होता. फटीतून काळ्या पडलेल्या काड्या बाहेर आल्या होत्या.

विठूने काखेतला फास काढलाच नव्हता. लंगडत तो रस्त्याच्या कडेला गेला आणि आपली सायकल उलटी करून ठेवली.

"सळई बघतोस?" देवजी म्हणाला. "ती लोहाराकडं न्यावी लागंल."

विठू उकिडवा बसला. त्याने पुढच्या चाकाची हवा सोडली. हवा संपेपर्यंत थांबला. मग पान्याचं टोक टायरच्या कडेखाली घातलं.

"पेंढा काढ, दादा," तो म्हणाला.